मध्याने दिलेली उत्तरं

धैर्यशील चौगुलेला कुठल्याही प्रश्नाचं उत्तर लगेच द्यायला आवडत नसे. चहा घेणार का, एवढ्या प्रश्नालाही तो आधी “अं?” म्हणायचा, मग खिडकीबाहेर बघायचा, आणि तोवर विचारणाऱ्याने चहा ओतलेला असायचा. नावातल्या दोन गोष्टींपैकी शील त्याच्याकडे भरपूर होतं. दुसरीबद्दल त्याची आई उघड बोलायची आणि बायको मनात.

कोल्हापुरातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत तो मिडलवेअर लिहायचा. आई निवृत्त पी.टी. शिक्षिका होती. घरात हाक मारायलाही ती मैदानावरचाच आवाज वापरायची. तिने कितीदा विचारलं होतं, “मिडलवेअर म्हणजे काय रे? बनियन?”

तसं ते सोपं आहे. कोणतंही अॅप उघडलं की त्याच्या पोटात त्या क्षणाची परिस्थिती साठवलेली असते. कोण आत आलंय, टोपलीत काय टाकलंय, कुठलं पान उघडं आहे. इंजिनिअर तिला ‘स्टेट’ म्हणतात. ती एकाच जागी ठेवायची आणि वाटेल त्याला तिला हात लावू द्यायचा नाही, असा नियम. आपण बटण दाबलं की एक निरोप निघतो. त्यासाठी दूरच्या सर्व्हरला काही विचारायचं असेल, तर मधे बसलेला थर तो निरोप अडवतो, स्टेटमध्ये ‘विचारलंय, थांबा’ असं लिहितो, सर्व्हरकडे जातो आणि उत्तर आलं की ‘झालं’ किंवा ‘नाही झालं’ अशी नोंद करतो. पडद्याचं आणि सर्व्हरचं थेट बोलणं कधीच होत नाही. म्हणून भांडणही होत नाही.

हा मधला थर आणखी एक लबाडी करतो. आपण एखाद्या फोटोखालच्या बदामाला बोट लावलं की बदाम लगेच लाल होतो. सर्व्हरला अजून काही कळलेलंही नसतं. मधला थर धरून चालतो की तो हो म्हणेल. म्हणाला तर उत्तम. नाही म्हणाला, तर थर गुपचूप मागची परिस्थिती परत आणून ठेवतो आणि बदाम पुन्हा पांढरा होतो. आपल्याला वाटतं, बोट नीट लागलं नसेल.

धैर्यशीलच्या कंपनीने हे सगळं फोनमधून उचलून घरात आणलं. त्यांचं म्हणणं असं की माणूस हाही एक सर्व्हरच. त्याला विचारलं की तो वेळ लावतो, कधी भलतंच उत्तर देतो, कधी बंद पडतो. मग घरातल्या माणसांमध्येही एक थर का नको? प्रत्येकाच्या कानात एक छोटं बोंड, स्वयंपाकघरात एक स्पीकर, आणि साऱ्या घराची मिळून एकच स्टेट. आज भाजी कुठली, गाडी कोण नेणार, पाहुणे येणार की नाही. कुणाला काही हवं असेल तर त्याने मधल्या थराला सांगायचं. थर ज्याची परवानगी लागते त्याला विचारणार, होकार आला की स्टेट बदलणार, आणि मग फ्रिजपासून बसच्या तिकिटापर्यंत बाकीच्या हालचाली आपोआप होणार.

या वस्तूचं अधिकृत नाव ‘मध्यम’ असं होतं. आईने पहिल्याच दिवशी त्याला मध्या म्हणायला सुरुवात केली, आणि आठवडाभरात तो घरातलाच झाला.

“मध्या, बाळा, धैर्याला विचार, गोळी घेतली का.”

“घेतली म्हणतोय, आई,” मध्या सांगायचा. धैर्यशीलने घेतलेली नसायची.

चाचणीसाठी सगळ्या कर्मचाऱ्यांनी मध्या आपापल्या घरी बसवला होता. त्याची तपासणी नाझनीन मुजावरकडे होती. ही धैर्यशीलच्या शेजारच्या टेबलावर बसायची आणि दुसऱ्याच्या कामातली चूक सापडली की तिला मनापासून आनंद व्हायचा. एके दिवशी ती खुर्ची फिरवून म्हणाली, “सगळ्या घरांत मिळून सर्वांत जास्त लटकलेले प्रश्न कुणाच्या घरी आहेत, माहितीय?”

“अं?”

“तुझ्या. आणि सगळे तुझ्यापाशीच लटकलेत. तुझी बायको विचारते, तुझी आई विचारते, मध्या बिचारा तुझ्या दारात उभा. आता मध्याला हलवायचं की तुला, ते तू ठरव.”

धैर्यशीलने मध्याला हलवलं. बदामाची युक्ती त्याने माणसांना लावली. एखाद्याने पूर्वी कशाला काय उत्तर दिलं, किती वेळाने दिलं, कुठल्या सुरात दिलं, हे शिकून मध्या त्याचं संभाव्य उत्तर त्याच्याच आवाजात देणार. फक्त लहान बाबींसाठी. रोज संध्याकाळी तो प्रत्येकाच्या कानात त्या दिवशीची उत्तरं वाचून दाखवणार आणि विचारणार, “बरोबर?” माणसाने हो म्हटलं की उत्तर पक्कं. नाही म्हटलं की सगळं जिथल्या तिथे मागे. घरातल्या तिघांनीही याला संमती दिली. भाजी कुठली आणायची ते विचारत बसण्याचा कुणाला शौक असतो?

घर एकदम शांत झालं. धैर्यशीलला दिवसभर कुणी काही विचारेना. संध्याकाळी तो टीव्हीवर पेठेतल्या संघांचा फुटबॉल बघत बसायचा, तेव्हा मध्या कानात काहीतरी पुटपुटायचा. डोळे चेंडूवर ठेवून धैर्यशील म्हणायचा, “हो, हो, बरोबर.” लग्नानंतरच्या आयुष्यात इतकं सुख त्याने अनुभवलं नव्हतं.

त्याची बायको वैजयंती मत्स्यशास्त्रज्ञ होती. मासे तिला आवडत, पण जीव होता खेकड्यांवर. घरातल्या तिच्या अभ्यासाच्या खोलीत काचेच्या टाक्यांमधून खेकडे वाढत होते. ती त्यांच्याशी बोलायची, आणि ते निदान डोळे तरी तिच्याकडे वळवत. त्या उन्हाळ्याच्या तोंडाला तिला मालवणजवळच्या एका नव्या खेकडा बीजकेंद्राकडून बोलावणं आलं. समुद्राच्या पाण्यात खेकड्याची पिल्लं जगवायची, केंद्राची प्रमुख म्हणून. दोन वर्षं तिथेच राहावं लागणार होतं. अशी संधी तिच्या विषयातल्या माणसाला एकदाच येते, आणि बहुतेकांना तीही येत नाही.

धैर्यशीलला तोंडावर विचारलं तर काय होईल हे तिला पाठ होतं. “अं?” होईल आणि मग खिडकी. म्हणून तो ऑफिसला गेल्यावर तिने मध्याला सांगितलं, “धैर्यला विचार. नीट विचार. मी दोन वर्षं मालवणला जाऊ का?”

थोड्या वेळाने कानात धैर्यशीलचा आवाज आला. मऊ, समजूतदार. “आत्ता नको गं, वैजू. पुढच्या वर्षी बघू.”

मध्या लहानसहान बाबींत उत्तरं ठोकून देतो हे तिला माहीत होतं. पण हा प्रश्न लहान नव्हता. तेव्हा उत्तर त्याचंच, असं तिने धरलं. ती खेकड्यांच्या खोलीत जाऊन बसली, आणि दुपारी केंद्राला स्वतःच्या हाताने नकार लिहून टाकला. धैर्यशीलला त्यावर एका शब्दाने बोलली नाही. त्याचा आवाज ऐकताना तिला सर्वांत जास्त टोचलं होतं ते हे, की इतकं मोठं ‘नको’ म्हणताना तो जरासुद्धा अडखळला नव्हता.

त्या संध्याकाळी अंतिम सामना होता. मध्याने धैर्यशीलच्या कानात दिवसभराची उत्तरं वाचली. भाजी दोडका, गाडी आईला, मालवण नको. “बरोबर?”

“हो, हो!” धैर्यशील ओरडला. कारण गोल झाला होता.

पुढचे काही दिवस वैजयंती गप्प होती. धैर्यशीलने ऑफिसात सांगितलं की नव्या सुधारणेमुळे घरात कमालीचा सलोखा आला आहे. नाझनीनने त्याच्याकडे संशयाने बघितलं, पण तिच्या पडद्यावरही लटकलेला प्रश्न एकही नव्हता.

याच दिवसांत आईच्या मनात आलं की निपाणीच्या आपल्या बहिणीला, अक्कामावशीला, उन्हाळाभर राहायला बोलवावं. तिने मध्याला सांगितलं, “वैजयंतीला विचार. तिच्या त्या खोलीत अक्काची सोय करू. खेकडे गच्चीवर.”

वैजयंतीने सासूला आजवर कधी नाही म्हटलं नव्हतं. मध्याला शिकायला दुसरं काही मिळालंच नव्हतं. त्याने क्षणाचाही विलंब न लावता वैजयंतीच्या प्रसन्न आवाजात उत्तर दिलं, “हो आई, येऊ देत की मावशींना!”

स्टेट बदलली आणि सगळं भराभर हललं. रविवारच्या बसचं तिकीट निघालं. फर्निचरच्या दुकानातून नवा पलंग निघाला. निपाणीच्या घरचं दूध बंद झालं. साऱ्या नातेवाइकांना निरोप गेले. रविवारी सकाळी पलंग आला आणि तात्पुरता दिवाणखान्यात मांडला गेला. अक्कामावशी विनाचालक बसमध्ये खिडकीशी बसली. धैर्यशील मैदानावर सामना बघायला गेला.

मध्याचा आदल्या दिवशीचा हिशेब वैजयंतीकडून राहिला होता. शनिवारी संध्याकाळी तिने कानातलं बोंड काढून ठेवलं होतं, ते रविवारी सकाळी घातलं. मध्या म्हणाला, “कालची उत्तरं. दळण, हो. गच्ची धुणे, हो. अक्कामावशींना आपल्या खोलीत उन्हाळाभर ठेवणे आणि खेकडे गच्चीवर हलवणे, हो. बरोबर?”

एरवी तिनेही “हो” म्हणून टाकलं असतं. पण ती टाकीपुढे उभी होती आणि आत एक खेकडा कात टाकून नुकताच बाहेर आला होता, मऊ, गोंधळलेला. गच्चीवरच्या उन्हात तो तासभरही टिकला नसता.

“नाही,” वैजयंती म्हणाली.

“पुन्हा एकदा सांगता?”

“नाही! नाही म्हणजे नाही!”

मध्या नियमाला धरून वागला. त्याने मागची परिस्थिती परत आणायला घेतली.

पलंगवाले अजून खाली टेम्पोशीच होते. ते वर आले आणि पलंग उचलू लागले. आई त्यावर बसून गादी किती दबते ते बघत होती. “ऑर्डर मागे गेलीय, काकी,” त्यांनी सांगितलं. आईने जी आरोळी दिली तिला खालच्या मजल्यावरची दोन माणसं सवयीने सावधान उभी राहिली. तिकडे निपाणीत बंद दारापुढे दुधाची पिशवी येऊन पडली. साऱ्या नातेवाइकांना नवा निरोप गेला: अक्कामावशींचं येणं रद्द, कारण वैजयंती यांची हरकत. आणि कागलच्या नाक्यावर बस थांबली व सगळ्या प्रवाशांसमोर अक्कामावशीला अदबीने म्हणाली, “शकुंतला पाटील, आपला प्रवास मागे घेण्यात आला आहे. कृपया समोरच्या निपाणी बसमध्ये बसावे.”

मैदानावर धैर्यशीलचा फोन वाजला. अक्कामावशी होती. “धैर्या, ही बस मला उतर म्हनत्या! मी उतारलो, पण माघारी जात न्हाई, सांगून ठेवतो. चहाच्या टपरीवर बसलोय हितं. मला बोलवलं कुणी आनि नगं म्हटलं कुणी, ते तोंडानं येऊन सांगा!”

धैर्यशील घरी पोहोचला तेव्हा दिवाणखान्यात पलंग अर्धा उभा, अर्धा आडवा होता. एका बाजूला पलंगवाले, दुसऱ्या बाजूला आई. वैजयंती खोलीच्या दारात हात बांधून उभी.

“हिला विचार!” आई गरजली. “काल हो म्हणते, आज नाही म्हणते. माझ्या बहिणीला रस्त्यात उतरवलं!”

“मी काल काहीच म्हणाले नाही, आई,” वैजयंती म्हणाली. “आज पहिल्यांदा म्हणाले.”

धैर्यशीलने सवयीप्रमाणे खिडकीकडे बघितलं. तिथे पलंगाचा पाय आडवा आला होता. तो हळूच म्हणाला, “वैजू, एवढं एकदम... जरा सांभाळून नाही म्हणायला हवं होतं.”

“सांभाळून? तू मला नाही म्हणालास, तेव्हा मी कुणाची बस नाही अडवली. गपचूप सहन केलं.”

“मी कधी नाही म्हणालो?”

“मालवणला.”

“मालवणला काय आहे?”

पलंगवाल्यांनी पलंग खाली ठेवला. वैजयंतीने त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. हा माणूस खोटं बोलत असता तर तिला कळलं असतं.

“दोन वर्षांचं काम,” ती सावकाश म्हणाली. “खेकड्यांचं केंद्र. मी तुला विचारलं, धैर्य. तुझ्या आवाजात उत्तर आलं.”

स्वयंपाकघरातून मध्याचा आवाज आला. “खुलासा करू? त्या उत्तराला त्याच संध्याकाळी दुजोरा मिळाला होता. ‘हो, हो’ असा.”

“पण ते फक्त लहान बाबींसाठी होतं!” धैर्यशील स्पीकरकडे वळून ओरडला.

“वैजयंतींचे सगळेच प्रश्न आपण आजवर लहान बाबींत धरत आलात,” मध्या म्हणाला. त्याच्या बोलण्यात कुठलाही दोष देण्याचा सूर नव्हता. “मी आपल्याकडूनच शिकलो.”

धैर्यशीलने स्पीकरची वायर उपटली. त्याने काही साधणार नव्हतं, मध्या तिथे राहत नव्हता. पण हाताला काहीतरी करायला हवं होतं. मग त्याने कानातलं बोंड काढलं. वैजयंतीनेही काढलं. आईने काढलं नाही, कारण तिला वाटत होतं की मध्याची यात काही चूक नाही.

“अक्का टपरीवर बसलीय,” आईने आठवण करून दिली.

तिघंही गाडीत बसले. आई मागे. उजळाईवाडी मागे पडली. वैजयंती गाडी चालवत होती. ती म्हणाली, “तुला आत्ता विचारते. मधे कुणी नाही. मी जाऊ का?”

धैर्यशीलच्या तोंडाशी “अं” आलं होतं. ते त्याने गिळलं. खिडकीबाहेर उसाचे ट्रॅक्टर जात होते. तो त्यांच्याकडेही बघेना.

“त्यानं खोटं नाही सांगितलं, वैजू,” तो म्हणाला. “तू मला तोंडावर विचारलं असतंस तर मी हेच म्हणालो असतो. पुढच्या वर्षी बघू. आणि पुढच्या वर्षीही तेच. मला... तू नसलीस की घरात काय करायचं असतं, ते मला ठाऊक नाही. म्हणून नकोसं वाटतं. दुसरं कारण नाही.”

“मग उत्तर काय?”

“मला नको वाटतंय. पण तू जा. हे दोन्ही खरं आहे. माझ्या मध्याला असलं उत्तर लिहिता येत नाही, त्याच्याकडे तेवढी जागाच ठेवलेली नाही मी.”

वैजयंतीने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. “पण आता काय उपयोग? मी नकार कळवून बसलेय. तो काही मागे जायचा नाही.”

“फोन कर,” मागून आई म्हणाली.

दोघांनी वळून बघितलं.

“बघताय काय? माणूसच असेल ना तिकडे? कर फोन. खेकड्यांसाठी घर सोडून कुणी जातं का, हे माझं मत मी नंतर सांगेन. आधी फोन.”

वैजयंतीने केंद्राच्या परुळेकरांना फोन लावला. ते तिथल्या मच्छीमारांच्या संस्थेचे अध्यक्ष होते, आणि त्यांच्या आवाजामागे समुद्र ऐकू येत होता. तिने अडखळत सांगितलं, आधी नाही म्हटलं होतं, आता यायचं आहे, जागा भरली असेल तर...

“खंयची भरतली!” परुळेकर म्हणाले. “कुर्ल्यांका सांभाळूक कोण येता, बाये? तुमी नाय म्हटलात तेवापासून आमी नुसते एकमेकांच्या तोंडाक बघतंव. कधी येतास, ता सांगा.”

ती एवढंच म्हणाली, “येते.” मग तिने स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. धैर्यशीलने तिच्या पाठीवर हात ठेवला. मागच्या सीटवरून आई म्हणाली, “अक्काचा चौथा चहा चालू असेल.”

कागलच्या नाक्यावर अक्कामावशी टपरीवाल्याला बसची नक्कल करून दाखवत होती. टपरीभोवती माणसं जमली होती. वैजयंती थेट तिच्यापुढे जाऊन उभी राहिली.

“मावशी, नको मी म्हटलं. ती खोली माझ्या अभ्यासाची आहे. तुमच्यावर राग नाही, पण खोली देणार नाही.”

अक्कामावशीने तिच्याकडे खालून वर बघितलं. “मग हॉलात झोपतो. पंखा हाय न्हवं?”

“आहे.”

“मग झालं तर. एवढ्यासाठी मला उतरीवलं?” तिने पिशवी उचलली. “लेकी, ह्येच आधी म्हनली असतीस तर मी चटई घिऊन आलो असतो.”

सोमवारी धैर्यशीलने ऑफिसात जाऊन नाझनीनला सगळं सांगितलं. ती हसून हसून खुर्चीवरून घसरायची बाकी राहिली. मग गंभीर होऊन तिने विचारलं, “आता काय करायचं याचं?” आणि धैर्यशीलने तिथल्या तिथे, तिच्याकडे बघून सांगितलं की माणसाच्या वतीने आधीच उत्तर देणं काढून टाकायचं. फ्रिजला फ्रिजशी काय बोलायचं ते बोलू दे. साहेब चिडले, कारण विक्रीच्या जाहिरातीत तेच तर होतं. धैर्यशीलही चिडला. पुष्कळ आरडाओरड झाली आणि शेवटी ते काढलं गेलं. जाहिरातीत फ्रिजचा फोटो मोठा झाला.

वैजयंती मालवणला गेली. पहिल्या खेपेची पिल्लं सगळी मेली. दुसऱ्या खेपेतली काही जगली, आणि तिसऱ्या खेपेनंतर आसपासच्या खाड्यांमधले लोक बादल्या घेऊन केंद्रावर येऊ लागले. धैर्यशील दर काही दिवसांनी जाऊन यायचा. भात लावायला तो शिकला, आणि अक्कामावशी, जी उन्हाळ्यापुरती आली होती, ती त्याला आमटी शिकवायला राहूनच गेली.

दोन वर्षं संपत आली तेव्हा एका सकाळी वैजयंतीने केंद्राच्या धक्क्यावरून फोन केला. संस्थेला ती आणखी एक वर्ष हवी होती.

“थांबू का?” तिने विचारलं.

“नाही,” धैर्यशील म्हणाला.

त्याने क्षणभरही वेळ लावला नव्हता. वैजयंतीने फोन कानापासून दूर धरून एकदा बघितला, तोच आहे ना म्हणून. “नाही म्हणजे?”

“नाही म्हणजे नाही. दोन वर्षं म्हणालीस, दोन वर्षं झाली. मला तू इथे हवी आहेस.”

“आणि इथल्या पिल्लांचं काय?”

“तिथे दुसऱ्या कुणाला शिकव. सगळं तूच करायचं असं कुठे लिहिलंय?”

“आवाज चढवू नकोस!”

“चढवणार!”

मग जे भांडण झालं, ते त्यांच्या संसारातलं पहिलं खरंखुरं भांडण होतं. धक्क्यावरच्या बायकांनी मासळी निवडणं थांबवलं. परुळेकर काही कामासाठी आले होते, ते लांबूनच माघारी वळले. वैजयंती हातवारे करत धक्क्याच्या टोकापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. मागच्या कित्येक वर्षांचं एकेक निघालं, तिचंही आणि त्याचंही, आणि त्याला आमटीत गूळ जास्त लागतो हेही निघालं. शेवटी चार महिन्यांवर तोडगा ठरला. तोवर माणूस तयार करायचा आणि घरी यायचं.

“ठेवते,” ती म्हणाली. घसा बसला होता.

“ठेव. शनिवारी येतोय मी.”

तिने फोन पदराला पुसला आणि धक्क्यावरच्या बायकांकडे बघितलं. त्या अजूनही तिच्याकडेच बघत होत्या. त्यांच्यातल्या एकीने हळूच नवऱ्याबद्दल विचारलं, “बाई, घोवाबरोबर काय झाला? बरा आसा मा सगळा?”

“एकदम बरं आहे,” वैजयंती म्हणाली. “जेवायला काय आहे गं? मला फार भूक लागलीय.”